चौथा खर्डा

इस्माएल, तुझा पहिला कागद वाचून संपला
तेव्हा किटलीतलं पाणीही उकळलं नव्हतं.
‘मी मेहनती, प्रामाणिक, वक्तशीर असून
पडेल ते काम करण्यास तयार आहे.’
अरे, सबंध पुन्ता अरेनासमध्ये
‘मी आळशी, लबाड आणि उशिरा येतो’
असा अर्ज आजवर कुणी केलाय का?

एकतीस वर्षं मी बंदराच्या कचेरीत टंकलेखन केलं.
कप्तानांची पत्रं, विधवांची पत्रं,
शेवटी दोघांचंही ‘आपला आज्ञाधारक’.
यंत्राला काय, सगळे सारखेच.
मला मात्र कच्च्या कागदावरची खाडाखोड दिसायची,
आणि खरं काय ते बहुतेक
त्या खोडलेल्या ओळीतच असायचं.

लाल पेन मी घरात ठेवतच नाही.
लाल दिसलं की माणूस वाचायच्या आधी ओशाळतो.
पेन्सिल घेतली.
‘मेहनती’च्या शेजारी, समासात, बारीक अक्षरात लिहिलं:
म्हणजे काय केलंस?
‘प्रामाणिक’च्या शेजारी तेच.
‘वक्तशीर’पर्यंत येता येता
तुझे कान तांबडे झाले होते.

‘नेवेन्काबाई, मला नोकरी हवीय, परीक्षा नको,’
म्हणालास, आणि उठलास.
दारात एक पाय बुटात कोंबत पुटपुटलास,
‘त्या जुलैत मांसाच्या कारखान्यात बॉयलरचा व्हॉल्व्ह गोठला,
तेव्हा नऊ तास गरम फडकी बदलत बसलो,
एक नळी फुटू दिली नाही.
आता हे काय अर्जात लिहायचं असतं?’

थांब.
काढ तो बूट.

दुसऱ्या खर्ड्यात नऊ तास तीनदा आले.
तिसरा सुबक होता. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी.
मी मोठ्यानं वाचला
आणि मध्येच थांबले,
कारण तो आवाज माझा होता.
फेरीबोटीच्या कचेरीला वाटलं असतं
एकाहत्तर वर्षांची बाई दोर ओढायला निघालीय.
चूक माझी. तुझ्या कोटाची उसवलेली बाही शिवायला बसले
आणि अख्खा कोट माझ्या मापाचा करून ठेवला.

एक ओळ तर मी स्वतःच काढायला लावली होती:
‘दोन वर्षं कामावर नव्हतो, आई अंथरुणाला खिळली होती.’
मी म्हटलं, हे कशाला? त्यांना खलाशी हवाय.
तू मान डोलावलीस.
तुझी मान डोलावणं म्हणजे होकार नसतो,
हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

चौथ्या खर्ड्यात ती ओळ परत आली,
घर बदलून, शेवटच्या परिच्छेदात:
‘दोन वर्षं मी आईला पलंगावरून खुर्चीत
आणि खुर्चीतून पलंगावर ठेवलं.
तुमच्या बोटीच्या फळीवरून म्हातारी माणसं चढतात, मी पाहिलंय.
न दुखवता कसं उचलायचं, ते मला येतं.’

पेन्सिल हातात होती.
कागदावर टेकवायला जागा मिळाली नाही.

त्या दिवशी वारा असा होता
की कोपऱ्यावर नगरपालिकेनं बांधलेला दोर धरून
माणसं वाकून चालली होती.
तू पाकीट सदऱ्याच्या आत घातलंस,
एक हात छातीवर, एक दोरावर.
मी खिडकीतून बघत राहिले, चहा निवून गेला.

आज अकरावा दिवस. उत्तर नाही.
मी विचारत नाही, तू सांगत नाहीस.

पण काल आलास तो रोसामेलचा कागद घेऊन.
त्याच कारखान्याचा, त्याच दिवशी घरी पाठवलेला.
‘मी कष्टाळू, विश्वासू...’
आणि समासात तुझं ते तिरकं, बोजड अक्षर,
पेन्सिल इतकी दाबून की मागच्या बाजूला उठलेलं:
म्हंजे काय केलस?

शुद्धलेखनाच्या दोन चुका.
मी चष्मा पुसला,
कागद होता तसाच परत दिला.